शिकवण्यातील तंत्रज्ञानाची भीती: छात्राध्यापकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डी.एल.एड. आणि बी.एड. करणारे छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी, सराव पाठांच्या आणि आंतरवासितेच्या (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या) काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या उत्तरांमागे एकच धारणा आहे. ही भीती यंत्राची कमी आणि यंत्र अडल्यावर चारचौघांत होणाऱ्या फजितीची जास्त असते, त्यामुळे तिच्यावरचा उपाय संगणकाच्या प्रमाणपत्रात शोधण्यापेक्षा पाठाच्या तयारीत शोधावा.

मोबाइल मी दिवसभर वापरतो. मग वर्गात प्रोजेक्टर लावायचा म्हटले की हात का थरथरतात?

मोबाइलवर चुकीचे बटण दाबले गेले तर ते कोणी पाहत नाही आणि मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करता येतो. वर्गात समोर चाळीस-पन्नास मुले असतात, मागच्या बाकावर निरीक्षणाची वही घेऊन प्राध्यापक बसलेले असतात, सहाध्यायी शेरा लिहिण्याच्या तयारीत असतात आणि तासिका तर पस्तीस-चाळीस मिनिटांचीच असते. म्हणजे या एका भीतीत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत: उपकरण हाताळता न येणे, वेळ हातातून निसटणे आणि लोकांसमोर अडखळणे. पहिलीवर सराव हा उपाय आहे, दुसरीवर नियोजन, आणि तिसरी मात्र पहिल्या दोन आटोक्यात आल्यावरच हळूहळू कमी होते.

यासाठी भीती नेमक्या शब्दांत कागदावर लिहून काढावी. ‘मला तंत्रज्ञान जमत नाही’ या वाक्याला उत्तर नाही. ‘वायर जोडूनही पडद्यावर चित्र आले नाही तर काय करायचे हे मला माहीत नाही’ या वाक्याला उत्तर आहे आणि ते समजून घ्यायला फार वेळ लागत नाही.

ही भीती जाते असे खात्रीने म्हणता येईल का? त्यामागे काही शास्त्र आहे का?

आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वयंक्षमतेची संकल्पना मांडली. एखादे काम आपल्याला जमेल हा माणसाचा विश्वास चार मार्गांनी घडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते: स्वतः केलेल्या कामात मिळालेले यश, आपल्यासारख्याच दुसऱ्या व्यक्तीला ते करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर, आणि धडधड किंवा घाम यांसारख्या शारीरिक लक्षणांचा आपण लावलेला अर्थ. यांपैकी पहिला मार्ग सर्वांत प्रभावी मानला जातो.

आपल्याकडच्या प्रशिक्षणात नेमका तोच मार्ग अनेकदा बाजूला राहतो. एका सभागृहात शंभर जणांना सादरीकरण दाखवले जाते, सर्वजण माना डोलावतात, आणि घरी गेल्यावर एकालाही स्वतःच्या हाताने ते करता येत नाही. अशा कार्यशाळेने भीती कधीकधी वाढतेच, कारण ‘सगळ्यांना कळले, मलाच कळले नाही’ असा समज होतो. म्हणून सभागृहातील प्रात्यक्षिकापेक्षा, रिकाम्या वर्गात एका मैत्रिणीला समोर बसवून स्वतः वायर जोडणे आणि स्वतः फाइल उघडणे अधिक उपयोगाचे आहे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. दुसऱ्या मार्गासाठी अतिशय निष्णात शिक्षकाचा पाठ पाहण्याऐवजी, गेल्याच वर्षी घाबरत असलेल्या आणि आता सावरलेल्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याचा पाठ पाहावा. निष्णात माणसाकडे पाहून आदर वाटतो, पण धीर येतो तो आपल्यासारख्याकडे पाहून.

नेमकी सुरुवात कशापासून करावी?

सूक्ष्म अध्यापनापासून. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाली आणि आपल्या अध्यापक महाविद्यालयांत ती रूढ आहे. लहान गट, पाच-सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, त्यानंतर अभिप्राय, पुनर्नियोजन आणि पुनराध्यापन. फलकलेखन किंवा प्रश्न विचारणे या कौशल्यांसाठी आपण ही चक्रे करतोच. त्याच पद्धतीने ‘एक साधन, एक मुद्दा’ एवढाच पाठ घ्यावा. चूक करण्याची परवानगी याच ठिकाणी असते, आणि पुनराध्यापनामुळे ती लगेच सुधारताही येते.

उदाहरण म्हणून ‘त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते’ हा मुद्दा घेऊ. प्रथम मुलांना आपापल्या वहीत कोणताही त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजायला सांगावे. कोणाची बेरीज १७८ येईल, कोणाची १८१, आणि मुले एकमेकांच्या वह्यांकडे पाहू लागतील. या क्षणी जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर पडद्यावर उघडून त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढत न्यावा. तिन्ही कोन बदलत राहतात आणि बेरीज तीच राहते. फळ्यावर असे शेकडो त्रिकोण काढणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नसते, आणि म्हणून येथे साधनाची गरज खरी आहे.

याच पाठात छात्राध्यापकाला घाबरवणाऱ्या दोन गोष्टी दडलेल्या आहेत, त्या आधीच माहीत असाव्यात. पहिली अशी की बिंदू समोरच्या बाजूच्या पलीकडे ओढला गेला, तर सॉफ्टवेअर आतला कोन दाखवण्याऐवजी १८० अंशांपेक्षा मोठा बाहेरचा कोन दाखवू शकते. कोनाच्या गुणधर्मांत शून्य ते १८० अंश ही मर्यादा निवडून ठेवली की हे टळते. दुसरी गोष्ट दशांशांची. मापे पूर्णांकात दाखवली जात असतील तर पडद्यावरील तीन संख्यांची बेरीज कधीकधी १७९ किंवा १८१ भरते आणि एखादी चौकस मुलगी ते बरोबर पकडते. घाबरून सॉफ्टवेअर बंद करण्याची ही वेळ नव्हे. दशांश स्थळे वाढवून दाखवावीत आणि मापनातील त्रुटी, संख्येचे निकटन याविषयी दोन वाक्ये बोलावीत. त्यानंतर पडदा बाजूला ठेवून, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून, व्युत्क्रम कोनांच्या आधारे खडूने सिद्धता लिहावी. बिंदू कितीही वेळा ओढला तरी त्याने सिद्धता होत नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगणे हा त्या पाठाचाच भाग आहे.

एवढा छोटा पाठ दोन-तीनदा व्यवस्थित झाला की छात्राध्यापकाच्या आवाजात फरक पडतो. हे आम्ही अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

पाठ चालू असताना वीज गेली किंवा यंत्र बंद पडले तर काय करावे?

ते बंद पडणार असे गृहीत धरूनच पाठ टाचण, म्हणजे पाठाचे लेखी नियोजन, लिहावे. ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात प्रोजेक्टर लिहिताना त्याच्या शेजारी पर्यायी कृतीही लिहावी: फळ्यावरची आकृती, आधी करून ठेवलेला तक्ता किंवा पाठ्यपुस्तकातील विशिष्ट चित्र. यंत्राला दोन मिनिटे द्यावीत. तेवढ्यात ते सुरू झाले नाही तर ‘आपण हेच आता फळ्यावर पाहू’ असे शांतपणे म्हणून पुढे जावे. मुलांना व्यत्ययाचा फारसा त्रास होत नाही. शिक्षकाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मात्र त्यांना लगेच कळतो. पर्यायी कृतीकडे सहज वळणारा छात्राध्यापक वर्ग नियंत्रणाचे मोठे कौशल्य दाखवत असतो, आणि ते निरीक्षकांच्या नजरेतून सुटत नाही.

बहुतेक अडचणी मात्र पाठाच्या आधीच दूर करता येतात. जुन्या प्रोजेक्टरना निळ्या टोकाची व्हीजीए वायर लागते आणि अनेक नव्या लॅपटॉपना फक्त एचडीएमआय जागा असते. मधला जोड आदल्या दिवशी तपासला नाही तर ऐनवेळी धावपळ होते. वायर नीट जोडलेली असूनही चित्र येत नसेल तर विंडोज संगणकावर विंडोजची कळ आणि ‘पी’ ही कळ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ हा पर्याय निवडावा. पडदा कोरा राहण्याच्या तक्रारीचे उत्तर अनेकदा एवढेच असते. व्हीजीए वायरीतून आवाज जात नाही, म्हणून ध्वनिफीत असेल तर स्पीकर वेगळा लागतो. चित्रफीत इंटरनेटवरून थेट चालवू नये, ती आधीच उतरवून घ्यावी. पेनड्राइव्हवर एक आणि मोबाइलवर एक अशा दोन प्रती ठेवाव्यात. आणि पाठाच्या दिवशी सकाळी नव्हे, तर आदल्या दिवशी, ज्या वर्गात पाठ आहे त्याच वर्गात, त्याच प्लगमध्ये जोडून पाहावे. खिडकीतून येणाऱ्या उजेडात पडद्यावरचे काहीच दिसत नाही, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

आमच्या सराव शाळेत प्रोजेक्टरच नाही. फक्त माझा मोबाइल आहे.

पुष्कळ करता येते, पण मोबाइलचा पडदा चाळीस मुलांना दुरून दाखवू नये. मागच्या मुलांना काही दिसत नाही आणि वर्ग विस्कटतो. पाच-सहा मुलांचा गट करून, इतर गटांना वहीतील कृती देऊन, पाळीपाळीने दाखवावे.

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापलेले आहेत. ते दीक्षा या ॲपने स्कॅन केले की त्या पाठाशी जोडलेले साहित्य उघडते. दीक्षा हे राष्ट्रीय व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले, आणि त्यावरील साहित्य उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही वापरता येते. ज्या गावात नेटवर्क मिळत नाही तिथे ही सोय मोलाची आहे. पाठ्यपुस्तक आणि क्यूआर कोड यांची सांगड घालण्याच्या कामासाठी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले जगभर ओळखले गेले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ हा पुरस्कार त्यांना मिळाला. हे काम एका छोट्या गावातील प्राथमिक शाळेत झाले, हे साधनांची उणीव सांगणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावे. अर्थात, त्यामुळे शाळांना साधने पुरवण्याची व्यवस्थेची जबाबदारी कमी होत नाही, आणि ती शिक्षकाच्या खिशावर टाकली जाऊ नये असे आमचे ठाम मत आहे.

मोबाइलचा कॅमेरा आणि ध्वनिमुद्रण यांचा उपयोग बरेचजण विसरतात. मुलांनी म्हटलेली कविता ध्वनिमुद्रित करून त्यांनाच ऐकवली की उच्चारातील दोष त्यांचे त्यांना कळतात. बियाणे रुजताना रोज एकाच जागेवरून फोटो काढला तर आठवड्याच्या शेवटी वाढीचा क्रम समोर मांडता येतो. यासाठी प्रोजेक्टर लागत नाही, आणि भित्र्या छात्राध्यापकासाठी ही सर्वांत सुरक्षित पहिली पायरी आहे.

मुलांना माझ्यापेक्षा जास्त येते. त्यांच्यासमोर मी हास्यास्पद ठरणार नाही का?

मुलांना उपकरण चालवता येते. त्या उपकरणाने काय शिकावे आणि कोणत्या क्रमाने शिकावे हे त्यांना येत नाही, आणि शिक्षकाचे काम नेमके तेच आहे. पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या आराखड्यात शिक्षकाच्या ज्ञानाचे तीन भाग सांगितले आहेत: आशयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान. हे तिन्ही एकत्र येतात तिथेच चांगला पाठ उभा राहतो. चौदा वर्षांच्या मुलाकडे यांतील तिसऱ्या भागाचा एक तुकडा असतो. पहिले दोन भाग तुम्ही दोन वर्षे कष्टाने मिळवत आहात.

म्हणून मुलांची मदत मोकळेपणाने घ्यावी. वर्गात दर आठवड्याला दोन विद्यार्थ्यांना उपकरण जोडण्याची जबाबदारी द्यावी. मात्र ती जबाबदारी प्रत्येक वेळी पुढे धावून येणाऱ्या त्याच मुलांकडे जाणार नाही आणि मुलींनाही ती समान मिळेल, याकडे लक्ष ठेवावे. नाहीतर आज तुम्हाला वाटणारी भीती उद्या त्याच वर्गातील एखाद्या मुलीच्या वाट्याला येईल.

मराठीत टाइप करता येत नाही आणि संगणकावरच्या सूचना इंग्रजीत असतात. काय करावे?

मोबाइलवर मराठी कळफलक सुरू करून बोलून टंकलेखन केले तर टाचणाचा पहिला मसुदा पटकन तयार होतो. विरामचिन्हे आणि जोडाक्षरे नंतर तपासावी लागतात. संगणकावर भारत सरकारने प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट कळफलक शिकणे सर्वांत हिताचे आहे, कारण तो विंडोजमध्ये आधीपासून उपलब्ध असतो आणि एकदा हाताला बसला की सर्व भारतीय लिप्यांसाठी उपयोगी पडतो. लिहिताना नेहमी युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर अक्षरे तशीच दिसणारी पद्धत, वापरावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की निरर्थक चिन्हे दिसतात, आणि अनेकजण तो आपलाच दोष समजून खचतात. इंग्रजी सूचना दिसल्यास तिचा फोटो काढून ठेवावा आणि नंतर अर्थ लावावा. नेहमीच्या कामात येणाऱ्या अशा सूचना मोजक्याच असतात आणि त्याच पुन्हा पुन्हा येतात.

प्रत्येक पाठात तंत्रज्ञान वापरायलाच हवे का?

मुळीच नाही. शाळेच्या आवारात वड उभा असताना त्याच्या पारंब्यांची चित्रफीत दाखवणे हा वेळेचा आणि मुलांच्या कुतूहलाचा अपव्यय आहे. जे डोळ्यांना दिसत नाही, जे धोकादायक आहे, जे फार मंद किंवा फार वेगाने घडते, जे दूर आहे, किंवा ज्याची असंख्य उदाहरणे क्षणात पाहायची आहेत, तिथेच पडदा लावावा. विद्युत परिपथाचे पडद्यावर जोडून पाहता येणारे प्रारूप कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या मोफत संग्रहात आहे. त्यात जोडणी चुकली तरी खरी विजेरी जळत नाही. परंतु खरी विजेरी, खरा बल्ब आणि दोन तारा शाळेत असतील तर आधी त्या मुलांच्या हाती द्याव्यात आणि प्रारूप नंतर उघडावे.

निरीक्षकांवर छाप पाडण्यासाठी सरकत्या चित्रांची रांग लावणे हाही भीतीचाच एक प्रकार आहे. तसे पाठ पाहताना असे जाणवते की छात्राध्यापक मुलांकडे पाहतच नाही, तो पडदा वाचत असतो.

मार्गदर्शक शिक्षक म्हणतात, ‘आम्ही खडू-फळ्यावरच पिढ्या घडवल्या.’ त्यांना काय उत्तर द्यावे?

त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि तसे त्यांना सांगावे. सर किंवा बाई तुमच्यापेक्षा वर्ग अधिक ओळखतात. त्यांच्याशी तंत्रज्ञानाच्या बाजूने वाद घालण्याऐवजी, ‘या घटकात मुले नेहमी कुठे अडतात?’ असे विचारावे. त्यांनी सांगितलेल्या त्या एकाच अडचणीसाठी साधन निवडून, पाच मिनिटे वापरण्याची परवानगी मागावी. औपचारिक आधार हवा असेल तर तोही आहे: राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड. अभ्यासक्रमात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचा समावेश आहे, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही अध्यापनातील तंत्रज्ञानावर स्वतंत्र विवेचन आहे. पण शाळेत नियम पुढे करण्यापेक्षा अडचण विचारणे केव्हाही बरे.

पाठ टाचणासाठी चॅटजीपीटीसारखी एआय साधने वापरावीत का?

कल्पना सुचवून घेण्यासाठी, सोपे-कठीण प्रश्न तयार करण्यासाठी किंवा एखादे उदाहरण शोधण्यासाठी वापरावीत. तयार टाचण जसेच्या तसे उतरवू नये. ही साधने चुकीची माहितीही ठाम भाषेत देतात, आणि मराठीत विचारल्यावर पाठ्यपुस्तकात नसलेले पारिभाषिक शब्द वापरतात. बालभारतीच्या पुस्तकात ‘विस्थापन’ असेल तर मुलांसमोर तोच शब्द यायला हवा. शिवाय, जे टाचण स्वतः विचार करून लिहिलेले नसते ते वर्गात ऐनवेळी आठवत नाही आणि भीती दुप्पट होते.

मुलांचे फोटो आणि चित्रफिती व्हॉट्सॲप गटावर टाकता येतील का?

मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय आणि पालकांच्या संमतीशिवाय टाकू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. पाठाचा पुरावा म्हणून फोटो लागत असेल तर मुलांच्या पाठीमागून, फळा दिसेल असा घ्यावा. एआय साधनांतही मुलांची नावे, गुण किंवा आजार लिहू नयेत.

शिक्षक भरतीची टेट ऑनलाइन असते. त्या परीक्षेत संगणकाच्या भीतीमुळे मागे पडेन असे वाटते.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी ही २०१७ पासून संगणकावर घेतली जाते आणि तिच्यात २०० प्रश्नांसाठी १२० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद. तिथे टंकलेखन लागत नाही. माऊसने पर्याय निवडणे, प्रश्न पुनर्विचारासाठी खूण करून ठेवणे आणि पुढे जाणे एवढेच लागते. मोबाइलवरच सराव चाचण्या देणाऱ्यांची अडचण वेगळी असते: बोटाने स्पर्श करण्याची सवय झालेली असल्याने माऊस हातात आल्यावर वेग कमी होतो. त्यामुळे महाविद्यालयाच्या संगणक कक्षात माऊस वापरून, घड्याळ लावून पूर्ण दोन तासांच्या काही सराव चाचण्या द्याव्यात. कक्ष बंद असेल तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज करून तो सुटीनंतर तासभर उघडा ठेवण्याची विनंती करावी, आणि त्या अर्जावर वर्गातील ज्यांना ज्यांना गरज आहे त्या सर्वांच्या सह्या घ्याव्यात.